तानपुरा लावून बघा : इंदुरात गाणं ऐकायची सुरुवात कुठून करावी

‘रेकॉर्ड प्लेअर घ्यायचाय, कुठला घेऊ?’ नव्या रसिकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: सगळ्यात शेवटी घ्या. आधी कान, मग फोन, मग तार, मग खोली, मग माळ्यावरच्या कॅसेटी आणि सरतेशेवटी तबकडी. हा क्रम पाळला तर पैसे वाचतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानात कुणी काहीही सांगितलं तरी आपल्याला स्वतःच्या कानानं ठरवता येतं.

या सगळ्या प्रवासात कसोटीचा दगड एकच ठेवायचा, तो म्हणजे तानपुरा. सतत एकसारखा वाजणारा दुसरा आवाज आपल्या संगीतात नाही, त्यामुळे यंत्रातली खोट त्यात लगेच उघडी पडते. मोटर डगमगत असेल तर षड्ज, म्हणजे सा, लाटेसारखा वरखाली होतो. अर्थिंग बरोबर नसेल तर तानपुऱ्याच्या मागे दुसरीच घूं ऐकू येते. स्पीकर कोपऱ्यात दाबून ठेवला असेल तर खर्जाची तार घुमते आणि बाकीच्या तीन तारा हरवतात. जवारीची, म्हणजे तारेखालच्या दोऱ्यानं येणारी, ती बारीक झणझण ऐकू येत नसेल तर वरचे स्वर कुठेतरी खाल्ले जात आहेत असं समजा. ढोलताशाची किंवा सिनेमातल्या धडाक्याची गाणी लावून यंत्र पारखता येत नाही, कारण त्यात सगळंच चांगलं वाटतं.

पायरी पहिली : एक राग, एक आवाज

सुरुवातीला शंभर गाण्यांची यादी करू नका. एकच ध्वनिमुद्रण निवडा आणि ते तोंडपाठ होईपर्यंत ऐका. पुढे प्रत्येक इअरफोन, प्रत्येक स्पीकर त्याच्यावरच तपासायचा आहे.

इंदुरात राहता तर उस्ताद अमीर खाँसाहेबांपासून सुरुवात करणं मला स्वाभाविक वाटतं. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी होते, खाँसाहेबांचं लहानपण याच शहरात गेलं आणि त्यांच्या गायकीला लोक इंदूर घराणं म्हणतात. त्यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एचएमव्हीची एलपी (लाँग प्ले तबकडी) प्रसिद्ध आहे. ती आज स्ट्रीमिंगवरही सापडते. मारवा संध्याकाळचा आणि दरबारी रात्रीचा, त्यामुळे कामावरून आल्यावर एक बाजू आणि जेवणानंतर दुसरी अशी दिवसाची सोय आपोआप होते.

मारव्यात पंचम वर्ज्य. म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाला न लावता सहसा निषादाला किंवा धैवताला लावतात. पहिलं मिनिटभर गाण्याकडे लक्षच देऊ नका, फक्त ती तार शोधा. सापडली की मग बघा, खाँसाहेब कोमल रिषभावर आणि धैवतावर किती रेंगाळतात आणि षड्जावर यायला किती उशीर लावतात. तबल्याचा ठेका इतका संथ की नव्या माणसाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे ते कळतच नाही. काही बिघडत नाही. आठवड्याभरात मुखडा ओळखीचा होतो आणि मग सम आपणहून सापडते.

ख्याल जड वाटत असेल तर कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं घ्या. पाच-सात मिनिटांचा मामला असतो. सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेला हा माणूस क्षयानं आजारी पडून १९४८ च्या सुमारास देवासला आला, कित्येक वर्षं गाणं बंद होतं, आणि त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं कानात साठवली. देवास आपल्यापासून तासाभरावर. त्यांच्या गाण्यातली शांतता, म्हणजे दोन फेकींच्या मधली मोकळी जागा, हीदेखील उत्तम कसोटी आहे. यंत्र खरखरत असेल तर ती जागा घाण होते.

आणि हेही नको असेल तर लताबाई आहेतच. २८ सप्टेंबर १९२९, शीख मोहल्ला, इंदूर. हा पत्ता इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. १९५० च्या दशकातलं एखादं कमी वाद्यांचं गाणं निवडा.

पायरी दुसरी : फोनमधल्या चार गोष्टी

नवीन काही विकत घेण्याआधी हातातला फोन सरळ करा. बहुतेकांच्या फोनवर गाणं वाईट वाजतं ते सेटिंगमुळे.

ॲपमध्ये ध्वनीची प्रत ‘आपोआप’वर असते. ती सगळ्यात वरच्या पातळीवर न्या आणि डेटा सेव्हर बंद करा. इक्वलायझर सपाट ठेवा. ‘बेस बूस्ट’ आणि ‘थ्रीडी सराउंड’ नावाची जी काही बटणं असतील ती बंद. क्रॉसफेड म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं वर चढवणं. तेही बंद, कारण विलंबित संपून द्रुत सुरू होण्याच्या सांध्यावर ते हमखास घोळ घालतं. शेवटचं म्हणजे ऑटोप्ले. मारवा संपल्यावर दोन क्षण शांत बसावं म्हणतो तोच ॲप आपल्या मर्जीनं लग्नातलं नाचगाणं लावतं. बंद करा.

शोधताना नावाची स्पेलिंगं बदलून बघा. एकाच गायकाचं नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं आणि एकच ध्वनिमुद्रण पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली विकलेलं असतं. कालावधी ताडून बघितला की दोन्ही एकच आहेत की वेगळे ते कळतं. रागाचं नाव आणि गायकाचं नाव एकत्र टाकलं तर जास्त हाती लागतं. ‘बेस्ट ऑफ’ छापाच्या संग्रहात ख्याल मधेच कापलेला असण्याची शक्यता फार, तेवढं सांभाळा.

रेडिओही फोनवरच आहे. आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५ पासून मालवा हाउसातून चालतं, विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ पासून चालू आहे आणि आकाशवाणीच्या फुकट ॲपवर ‘रागम’ ही फक्त शास्त्रीय संगीताची वाहिनी मिळते. काय ऐकायचं हे दुसऱ्या कुणीतरी ठरवणं हा रेडिओचा मोठा फायदा. न निवडलेला राग कानावर पडतो.

पायरी तिसरी : तार

बिनतारी इअरबड सोयीचे आहेत, चालताना-फिरताना तेच वापरा. पण नीट बसून ऐकायला तारेचे घ्या. हजार-दीड हजाराचे तारेचे इअरफोन पुष्कळदा त्याच्या तिप्पट किमतीच्या बिनतारी जोडीपेक्षा सरस वाजतात, कारण सगळा पैसा आवाजावर खर्च झालेला असतो. बॅटरी, चिप, डबी यांच्यावर नाही. आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी मेली म्हणून फेकावे लागत नाहीत.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल लागतो. जेल रोडला त्यांचा ढीग असतो. तिथे एक गोष्ट विचारून घ्या: डोंगलमध्ये डॅक आहे का? फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी ती चिप. काही स्वस्त डोंगलांत ती नसते आणि मग अर्ध्या फोनांवर ते मुकेच राहतात. दुकानदार ‘भिया, सब में चलता है’ म्हणेल. तुमचाच फोन लावून, तुमचाच मारवा लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ब्लूटूथच घ्यायचे असतील तर कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, बघा. आयफोन एएसी वापरतो, त्यामुळे खोक्यावर मोठ्या अक्षरात एलडॅक लिहिलेलं असलं तरी आयफोनवाल्याला त्याचा उपयोग शून्य. अँड्रॉइडवर एलडॅक चालतो, पण फोन खिशात आणि गर्दीत असला की तुटतो. अशा वेळी एएसीवर उतरायचं.

कानात रबराची टोपी नीट बसली नाही तर खर्ज नाहीसा होतो. पुष्कळ लोक इअरफोनला नावं ठेवतात, दोष टोपीच्या मापाचा असतो. तिन्ही मापं लावून बघा, डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी नवल नाही.

आवाज किती? जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा की मोठ्या माणसानं ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास ऐकलं तर चालतं, आवाज वाढला की तास झपाट्यानं कमी होतात. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेणं ही सर्वांत वाईट सवय. स्कूटरवर तर इअरफोन नकोच, गाणंही कळत नाही आणि मागून येणारी सिटी बसही.

पायरी चौथी : स्पीकर आणि खोली

घरात वडीलधारी मंडळी असतील तर त्यांच्यासाठी सारेगामा कारवाँसारखा आधीच गाणी भरलेला पेटारा चांगला. तो २०१७ मध्ये आला, त्याची मराठी आवृत्तीही आहे. चकती फिरवली की गायक बदलतो, पासवर्ड नाही, अपडेट नाही. आजी तो स्वतः चालवते, नातवाची वाट बघत नाही. पण हा एकच डबा, डावं-उजवं फारसं वेगळं कळत नाही, आणि ख्याल ऐकायला तो पुरत नाही.

तुमच्यासाठी दोन वेगळे स्पीकर घ्या, आत ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) असलेले. त्यांच्यापेक्षा ते कुठे ठेवता ते मोठं. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर कानाच्या उंचीला यावेत, मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे. आपल्याकडच्या फ्लॅटांत खाली टाइल्स, वर छत, समोर काच. आवाज तिन्हीकडे आपटून परत येतो आणि गायक न्हाणीघरात बसल्यासारखा वाटतो. एक जाड सतरंजी पुढ्यात, एक पडदा काचेवर, पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला. एवढ्यात जो फरक पडतो तो पाच हजार रुपये जास्त घालून पडत नाही. पुन्हा तानपुरा लावा आणि स्पीकर टीचभर पुढे-मागे करत राहा. घुमणं थांबून चारही तारा सुट्या कळायला लागल्या की खाली खडूनं खूण करा.

तारा, प्लग, तीन पिनांचं चांगलं बोर्ड हे महाराणी रोडवर घ्या आणि घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. स्पीकरमध्ये सतत घूं येत असेल तर दहात नऊ वेळा कारण तिथेच असतं.

पायरी पाचवी : आधी माळ्यावर बघा

नव्या-जुन्या रेकॉर्डींच्या मागे धावण्याआधी घरातला माळा उतरवा. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, कुठल्याही जुन्या मराठी घरात कॅसेटींची पेटी असतेच. त्यात बाजारातल्या कॅसेटी सोडून द्या, त्यांची गाणी कुठेही मिळतील. शोधायच्या त्या घरी भरलेल्या: एखाद्या बैठकीत कुणा काकांनी टेप शेजारी ठेवून भरलेलं गाणं, आजीची ओवी, गणपतीतली आरती. त्याची दुसरी प्रत जगात नसते. फिलिप्सनं कॅसेट १९६३ मध्ये आणली, आपल्याकडे ती घरोघर पोचली १९८० च्या दशकात. म्हणजे बऱ्याच फिती आता चाळिशीच्या आहेत.

अशी कॅसेट मिळाली की सरळ टेपमध्ये घालू नका. आधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे बघा. ते शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वरून काही भरलं जाणार नाही. खिडकीतून फीत बघा, पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट बाजूला ठेवा, जाणकाराला दाखवा. बरी दिसत असेल तर पेन्सिल घालून दोन्ही चाकं हातानं थोडी फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसलेली फीत मोटरच्या झटक्यानं तुटते. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे. टेपचं हेड आणि रबराचा रोलर आधी साफ केलेला असावा: हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, रबराला नुसतं ओलसर फडकं.

टेपच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (टेपचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करणारी डबी), तिथून कॉम्प्युटरमध्ये. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मूळ प्रत वॅव्हमध्येच ठेवा, एमपीथ्री वाटायला करा. खरखर काढायच्या नादात आवाजाची सालटी काढू नका, मूळ फाइल तशीच राहू द्या. आणि फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, जागा, वर्ष घाला. ते सांगणारी माणसं घरात असतील तर आजच विचारा.

पायरी सहावी : रेकॉर्ड प्लेअर

आता आलो मूळ प्रश्नावर. सुटकेसच्या आकाराचे, स्पीकर आतच बसवलेले, रंगीबेरंगी प्लेअर दिसायला गोड असतात. घेऊ नका. बहुतेकांत सिरॅमिक काट्रिज (सुई जिथे बसते तो भाग) असतं आणि सुईचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त. साध्या मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. शिवाय ज्या डब्यात सुई आहे त्याच डब्यात स्पीकर हादरतो, ते हादरे सुईत परत जातात. ज्याची सुई आणि काट्रिज बदलता येतं, असा साधा बेल्टवर चालणारा टर्नटेबल घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या सुरुवातीच्या मॉडेलांपासून पुढे जे परवडेल ते.

सुईतून येणारा विद्युतसंकेत फार दुबळा, व्होल्टच्या काही हजारांश भागांएवढा. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर वाढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद लाटांनी एका बाजूला इतकं गाणं मावलंच नसतं. हा हिशोब उलटा करून आवाज पूर्ववत करायचं काम फोनो प्रीॲम्प करतो. त्याचा आरआयएए नावाचा दंडक १९५४ पासूनचा. तेव्हा प्लेअर सरळ ॲम्पच्या ऑक्समध्ये लावलात तर आवाज बारीक आणि कोरडा येणार. आजकाल प्लेअरच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण असतं. ॲम्पला फोनो इनपुट नसेल तर लाइनवर ठेवा. असेल तर फोनोवर. दोन्हीकडे प्रीॲम्प चालू राहिला तर आवाज फाटतो.

परदेशातून कुणी नातेवाईक जुना टर्नटेबल आणत असेल तर थांबवा आणि विचारा, कुठल्या देशातला? अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो. पण जुन्या प्लेअरांच्या मोटरी पुष्कळदा हर्ट्झच्या तालावर फिरतात. अशी ६० हर्ट्झची मोटर इथे सहाच्या जागी पाचच्या वेगानं चालेल आणि गाणं पेटीच्या जवळपास तीन पट्ट्या खाली येईल: काळी चारची गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागेल, तीही पेंगुळलेली. त्यासाठी मोटरची चकती बदलावी लागते, आणि ती प्रत्येक मॉडेलला मिळतेच असं नाही.

मांडणी शांतपणे करा. प्लेअर भक्कम आणि सपाट जागी, स्पीकरच्या मेजावर नव्हे. गवंड्याची छोटी लेव्हल ठेवून बुडबुडा मधे आणा. मग हाताचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचं, वजन: मागचं गोल वजन फिरवत फिरवत अशा जागी आणायचं की हात ना वर जातो ना खाली, हवेत आडवा तरंगत राहतो. सुईचं टोपण काढलेलं असतं, त्यामुळे इथे श्वास रोखूनच काम करावं. तरंगला की वजनावरची आकड्यांची कडी शून्यावर आणा, वजन न हलवता. आता कडी आणि वजन दोन्ही मिळून काट्रिजच्या कागदावर जो आकडा दिलाय तिथवर फिरवा. अँटीस्केटिंगची, म्हणजे हात आत ओढला जाऊ न देणारी, चकतीही त्याच आकड्यावर. हलकं वजन रेकॉर्डला बरं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. वजन कमी पडलं की सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नासधूस करते.

वेग तपासायला तबकडी लावा आणि तंबोरा जुळवायचं ॲप उघडा. तीच मैफल फोनवर लावून षड्ज ताडून बघा. षड्ज स्थिर पण वेगळ्या पट्टीत असेल तर वेगाचा स्क्रू. डगमगत असेल तर बेल्ट सैल झालाय.

सुई सर्वसाधारणपणे ५०० ते १००० तास टिकते. ‘स’ आणि ‘श’ फिस्कारू लागले की बदला.

पायरी सातवी : जुनी रेकॉर्ड विकत घेताना

नव्या छापील एलपी महाग आहेत, आणि त्यांत आपल्याला हवं ते गाणं थोडं. जुना माल भंगारवाल्यांकडे, घर रिकामं करणाऱ्यांकडे, मुंबईला गेलात तर चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर मिळतो. विकणाऱ्याला बहुधा गाण्यातलं कळत नाही, मुखपृष्ठावर नट-नटी असेल तर भाव चढतो आणि ख्यालाची रेकॉर्ड खाली दबलेली असते. आपल्या पथ्यावर.

रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून बघायलाच हवी. आत दुसरीच निघणं अगदी नेहमीचं. कडेनं आणि मधल्या लेबलावर बोटं ठेवून धरा, ट्यूबलाइटखाली तिरकी करा. केसासारखे ओरखडे बहुतेक ऐकू येत नाहीत, नखाला लागतो तो ओरखडा टकटक करणार. मधल्या भोकाभोवती लेबलावर बारीक रेघोट्यांचं जाळं असेल तर ती खूप वेळा वाजली आहे. खाचा काळ्याभोर चमकदार न दिसता राखाडी दिसत असतील तर जड सुईनं घासून झालेली आहे, धुऊन काही उपयोग नाही.

ख्यालाच्या रेकॉर्डींत बघायची जागा म्हणजे लेबलाजवळची शेवटची दोन बोटं. एलपी मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर सरकते आणि आतल्या बाजूला जेमतेम २० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. आणि आपल्याकडे तिथेच द्रुत, तिथेच ताना, तिथेच तबला जोरात. आलाप गोड आणि शेवट फाटका, अशा रेकॉर्डी ढिगानं मिळतात. दुकानात वाजवून बघायची सोय असेल तर सुई सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवा.

लेबलावरचा नंबर वाचायला शिका. एचएमव्हीच्या १२ इंची रेकॉर्डींवर ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. वर सांगितलेली मारवा-दरबारीची एलपी ईएएलपी मालिकेतली. मोनो म्हणून नाक मुरडू नका. एक गायक, एक तबला, एक सारंगी किंवा पेटी, याला मोनो पुरेसं आहे आणि पुष्कळदा जास्त भरदार लागतं.

मराठी घरांतून गीतरामायणाचे संच बरेच निघतात. ५६ गाणी, त्यामुळे तबकड्याही अनेक. घेताना एकेक मोजून घ्या, मधली एखादी गायब असते.

पायरी आठवी : धूळ, ऊन, पाऊस

वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर हलकेच टेकवा. सुईवरची धूळ मागून पुढे, कधीच आडवी नाही. फार मळलेली एलपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विड साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ मायक्रोफायबरनं खाचांच्या दिशेनं धुवा, पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं. लेबल भिजवू नका. नर्मदेचं नळाचं पाणी प्यायला छान, पण वाळल्यावर क्षार खाचेत राहतात.

रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, कलत्या नाहीत, आडव्या थप्पीत तर नाहीतच. माळव्यात मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, पश्चिमेच्या भिंतीलगतचं कपाट आणि गच्चीखालची खोली टाळा. बंद गाडीत तर दहा मिनिटंही ठेवू नका, सराफ्यात चक्कर मारून येईपर्यंत पापडासारखी वाकलेली असेल. पावसाळ्यात जुनी प्लास्टिकची आतली पिशवी चिकटते आणि बुरशी धरते, ती काढून नवीन कागदी पिशवी घाला आणि कपाटाला थोडी हवा राहू द्या.

पायरी नववी : काळ्या जड तबकड्या

माळ्यावर जाड, जड, टणटण वाजणाऱ्या तबकड्या निघाल्या तर त्या ७८ फेऱ्यांच्या. लाखेच्या. पडल्या की काचेसारख्या फुटतात. १० इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं. गायिका गौहर जाननं कलकत्त्याला १९०२ मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रणं केली, तेव्हापासून कित्येक दशकं आपल्या गवयांनी अख्खा राग या तीन मिनिटांत बसवला.

यांना तीन पथ्यं. अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही, लाख विरघळते. एलपीची सुई वापरायची नाही: ती ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते आणि या तबकड्यांची खाच ३ मिलच्या सुईची, त्यामुळे बारीक सुई तळाशी घसरत कचरा गोळा करते. आणि प्लेअरला ७८ चा वेग असला पाहिजे, आजच्या बऱ्याच स्वस्त प्लेअरांना तो नसतो. शोभेचा चावीचा ग्रामोफोन पाहुण्यांपुढे वाजवायला ठीक. पण त्याच्या साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई धरणाऱ्या डोक्याचं, वजन पाहता जपायची तबकडी त्यावर लावू नये, आणि लावलीच तर लोखंडी सुई दर बाजूला नवी.

महू रस्त्यावर पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. आधी चौकशी करून जा. जाताना आपल्या तबकड्यांच्या लेबलावरचे नंबर आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेली बारीक अक्षरं दोन्ही कागदावर उतरवून न्या. मूळ तबकड्या घरीच राहू द्या, त्या रस्त्याचे खड्डे त्यांना झेपणार नाहीत.